सेनेकाचा रोजमेळ

दिवा मालवला आहे. पत्नीला पतीची सवय ठाऊक असल्यामुळे तीही आता काही बोलत नाही. अंथरुणावर पडलेला तो गृहस्थ सकाळपासूनचा सारा दिवस मनाशी उलगडतो आणि आपली प्रत्येक कृती, प्रत्येक बोलणे तपासू लागतो. अमक्याशी वाद करताना आज आपला स्वर उगाच चढला. तमक्याची चूक दाखवून देणे योग्यच होते. पण ती अशा रीतीने दाखवली गेली की तो सुधारला नाही, केवळ दुखावला गेला. स्वतःपासून तो काही लपवीत नाही, गैरसोयीचे म्हणून काही वगळीत नाही. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, अशी ताकीद मनाला देऊन तो त्या दिवसापुरती स्वतःला क्षमा करतो आणि मग शांतपणे झोपी जातो.

हे वर्णन वाचताना आपल्या वाचकांपैकी अनेकांना सायंकाळच्या प्रतिक्रमणाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु हा गृहस्थ आपल्याकडचा नव्हे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोम नगरातील ल्यूसिअस अ‍ॅनिअस सेनेका. क्रोध या विषयावरील आपल्या ग्रंथात त्याने या रात्रीच्या आत्मपरीक्षणाची हकिकत लिहून ठेवली आहे आणि ही सवय आपल्याला सेक्स्टिअस नावाच्या तत्त्वज्ञापासून लाभली, हेही प्रांजळपणे सांगितले आहे. साम्य पाहून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. सेनेकाच्या न्यायालयात आरोपी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच. ज्याला दुखावले त्याची क्षमा मागण्याचा भाव तेथे नाही. मग जीवमात्राची क्षमा मागणे दूरच राहिले. तरीही दिवसाचा हिशेब दिवसाच पुरा करावा, तो उद्यावर ढकलू नये, ही जी त्याची वृत्ती, तिच्यातच जगण्याविषयी आणि मरण्याविषयी त्याला जे सांगायचे होते त्याचे मूळ आहे.

सेनेकाचा जन्म इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा येथे एका सधन घराण्यात झाला. वडील वक्तृत्वशास्त्राचे नामांकित जाणकार होते. मुलगा लहानपणीच रोमला आला. प्रकृती तोळामासा, छातीचा विकार जन्माचा सोबती. तारुण्यात तो अ‍ॅटलस नावाच्या स्टोइक पंथीय गुरूच्या व्याख्यानांना जाऊ लागला. वर्गात सर्वांच्या आधी येणारा आणि सर्वांच्या शेवटी उठणारा शिष्य आपणच होतो, असे त्याने वृद्धपणी कौतुकाने लिहिले आहे. धन, आरोग्य, कीर्ती, आयुष्याची लांबी यांपैकी काहीच आपल्या स्वाधीन नाही. स्वाधीन आहे ते केवळ आपले आचरण, म्हणून सुख त्यावरच उभे करावे, असे स्टोइकांचे थोडक्यात म्हणणे होते. अ‍ॅटलसच्या उपदेशाने भारावून या तरुणाने जे नियम घेतले त्यांतील काही आयुष्यभर टिकले. कालवे आणि अळंबी त्याने कायमची वर्ज्य केली; मद्य आणि सुगंधी उटणी सोडली. अंग टेकले तरी खळगा पडू नये इतकी कठीण गादी तो म्हातारपणीही वापरीत होता.

याच काळातील आणखी एक प्रसंग आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. सोटिऑन नावाचा त्याचा दुसरा एक गुरू होता. त्याने या तरुणाला पायथागोरस आणि सेक्स्टिअस यांनी मांसाहार का सोडला हे समजावून दिले. दोघांची कारणे वेगवेगळी होती. सेक्स्टिअसचे म्हणणे असे की, रक्त न सांडताही माणसाला पुरेसे अन्न उपलब्ध आहे. प्राण्याला फाडणे ही जिभेच्या सुखाची बाब झाली की क्रौर्य अंगवळणी पडते. पायथागोरसचा आधार पुनर्जन्माचा होता. एकाच जीवाचा प्रवास अनेक देहांतून होत असेल, तर आज ज्याच्यावर सुरी चालवितो तो आपलाच कोणी आप्त असू शकेल. सोटिऑनने यावर एक व्यवहारी पुस्तीही जोडली होती. हा सिद्धांत खरा असेल तर मांस सोडून तू पापातून सुटलास. खोटा असेल तरी मिताहाराचा लाभ झालाच. मग तुझे गेले काय? सिंह-गिधाडांचे अन्न तेवढे गेले!

सेनेकाने मांस सोडले. वर्षभरात ही सवय त्याला सोपीच नव्हे, सुखाची वाटू लागली. आपले मन अधिक तरतरीत झाले आहे, असेही त्याला वाटले. मग ती मोडली कशी? टायबेरियस सम्राटाच्या कारकिर्दीच्या आरंभी परदेशी उपासनापंथांची रोममधून हकालपट्टी चालू होती आणि विशिष्ट प्राण्यांचे मांस न खाणे हे अशा पंथाशी संबंध असल्याचा पुरावा समजले जाई. वडिलांनी मुलाला पूर्ववत जेवायला सांगितले. सेनेका लिहितो की वडिलांना खटल्याची भीती होती असे नाही, त्यांना तत्त्वज्ञानाचाच तिटकारा होता. आणि पुढे हसत कबूल करतो की, अधिक चांगले जेवण्याबाबत आपले मन वळवणे त्यांना मुळीच जड गेले नाही. या कबुलीत त्याचा सारा स्वभाव आला. त्याला चांगले काय ते कळते. ते तो काही काळ आचरतोही. मग जगाचा रेटा आला की वाकतो, आणि आपण वाकलो हे लपवीत नाही.

भारताविषयी त्याला कुतूहल होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याने भारतावर एक पुस्तक लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. परंतु थोरल्या प्लिनीने त्याचा उल्लेख करताना, सेनेकाने भारतातील ६० नद्या आणि ११८ लोकसमूह नोंदवल्याचे सांगितले आहे. त्या काळी भडोच आणि सोपारा या बंदरांतून रोमशी व्यापार चालत असे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्या व्यापाराचीच साक्ष देते. माल गेला, नाणी आली. मात्र आपल्याकडील श्रमणांचा विचार सेनेकाच्या कानी कितपत पडला असेल, याविषयी केवळ साम्यावरून विधान करू नये.

पुढचा भाग सांगताना लेखणी अडखळते. इ. स. ४१ मध्ये क्लॉडियस सम्राटाने सेनेकाला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले. आठ वर्षांनी राणी अ‍ॅग्रिपिनाने त्याला परत आणविले, ते आपल्या मुलाला शिकविण्यासाठी. तो मुलगा म्हणजे नीरो. इ. स. ५४ मध्ये सोळा वर्षांचा नीरो गादीवर आला आणि त्याचा गुरू साम्राज्यातील सर्वांत प्रभावी माणसांपैकी एक झाला. पहिली काही वर्षे राज्य बरे चालले, त्याचे श्रेय सेनेका आणि सेनापती बुर्रस यांना दिले जाते. परंतु इ. स. ५९ मध्ये नीरोने आपल्या आईचाच वध करविला. त्या कृत्याचे समर्थन करणारे पत्र सिनेटला गेले, ते सेनेकाने लिहिले होते अशी बोलवा असल्याचे इतिहासकार टॅसिटस नोंदवितो. ज्या स्त्रीने हद्दपारीतून सोडविले तिच्या हत्येवर त्याने पांघरूण घातले असेल, तर त्याला कोणत्याही तत्त्वज्ञानात जागा नाही.

संपत्तीचीही गोष्ट तशीच. सुइलिअस नावाच्या विरोधकाने भर सार्वजनिक जीवनात विचारले होते की, राजाच्या चार वर्षांच्या मैत्रीत ३० कोटी सेस्टर्स जमविता येतात, ते कोणत्या तत्त्वज्ञानाच्या कोणत्या सूत्राने? या आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: भारताच्या व्यापारापायी साम्राज्यातून दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी प्लिनीची तक्रार होती. त्याच्या सहापट धन एका माणसाजवळ! इटलीत आणि प्रांतोप्रांती त्याचे पैसे व्याजाने लागलेले होते. अपरिग्रहाचे महत्त्व लहानपणापासून ऐकत आलेला वाचक येथे पुस्तक मिटून ठेवील, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण सेनेकाने या आक्षेपाला टाळलेले नाही. सुखी जीवनावरील आपल्या निबंधात त्याने विरोधकांचे सारे टोमणे स्वतःच मांडले आहेत, आणि मी ज्ञानी नाही, मी सद्गुणाची स्तुती करतो ती माझ्या जगण्याची स्तुती नव्हे, असे उत्तर दिले आहे. एका पत्रात याहून मार्मिक उपमा आहे. उपदेश करणारा तू कोण, या प्रश्नावर तो म्हणतो की आपण वैद्य म्हणून बोलत नाही. एकाच रुग्णालयात शेजारच्या खाटेवर पडलेला रोगी दुसऱ्या रोग्याशी दोघांच्या दुखण्याविषयी बोलतो, तसे बोलत आहोत. ही भूमिका मान्य केली तरच सेनेका वाचावा. मुनींच्या वाणीचा अधिकार त्याच्या शब्दांना नाही. प्रपंचात रुतलेल्या, तो रुतलेपणा जाणणाऱ्या माणसाचा अधिकार आहे. आणि आपणही बहुतेक त्याच खाटांवर पडलेले आहोत.

इ. स. ६२ मध्ये बुर्रस मरण पावला. सेनेकाने नीरोजवळ निवृत्ती मागितली आणि सारी संपत्ती परत घ्यावी अशी विनंती केली. नीरोने गोड बोलून नकार दिला. तेव्हापासून सेनेका दरबारातून हळूहळू अंग काढून घेऊ लागला, आणि याच शेवटच्या तीन वर्षांत त्याने सिसिलीतील अधिकारी मित्र ल्यूसिलिअस याला पत्रे लिहिली. त्यांतील १२४ आज उपलब्ध आहेत.

पहिल्याच पत्राचा विषय काळ हा आहे, आणि भाषा पेढीवरची. बाकी सारे परके. काळ तेवढा आपला, असे त्याचे म्हणणे. कोणी हातउसने काही घेतले तर त्याचा तगादा लावणारे आपण, आपला वेळ नेणाऱ्याच्या नावे साधी नोंदही करीत नाही. मी खर्च करीत नाही असे नाही, असे तो सांगतो; पण किती गेला, कशापायी गेला, याचा हिशेब माझ्याजवळ आहे. मृत्यू पुढे कोठे तरी उभा आहे असे आपण समजतो, हीच चूक. त्याचा मोठा भाग मागे पडून गेला आहे, कारण गेलेली सारी वर्षे त्याच्याच खात्यावर जमा झाली आहेत. ज्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या रोज रात्री रोजमेळ मिळवूनच दुकानाची फळी लागत असे, त्यांना ही मांडणी परकी वाटू नये.

आयुष्याच्या अल्पतेवरील निबंध त्याने याआधी पॉलिनस या गृहस्थासाठी लिहिला होता. पॉलिनसकडे सबंध रोमच्या धान्यपुरवठ्याची देखरेख होती, म्हणजे लक्षावधी पोटांची काळजी एका माणसाच्या डोक्यावर. सेनेका त्याला सांगतो की आयुष्य आखूड नाही, आपण ते उधळतो. एखाद्या शंभरीच्या वृद्धाला बोलावून त्याच्या वर्षांची तपासणी करा. सावकाराने किती नेली, आश्रितांनी किती, बायकोशी भांडण्यात किती गेली, स्वतः ओढवून घेतलेल्या आजारांत किती? वजाबाकी झाल्यावर तो बिचारा अकाली मरत आहे असे दिसेल. पन्नाशीत निवृत्त होईन, साठीत मोकळा होईन, असे म्हणणाऱ्यांना तो विचारतो की तेवढ्या आयुष्याची हमी कोणी दिली? आणि उरलासुरला गाळ तेवढा शहाणपणासाठी ठेवायला लाज कशी वाटत नाही?

त्या निबंधात ट्युरॅनिअसची एक गोष्ट आहे. हा कर्तव्यदक्ष अधिकारी नव्वदीच्या पुढे गेल्यावर कॅलिगुला सम्राटाने त्याला कामातून मोकळे केले. म्हाताऱ्याने घरी जाऊन स्वतःला पलंगावर निजविण्यास सांगितले आणि घरच्यांकडून, आपण मेलो आहोत असे समजून, शोक करविला. पद परत मिळेपर्यंत घरात रडारड चालू होती! हसू येते खरे. परंतु संस्थेचे अध्यक्षपद सोडताना, दुकानाच्या किल्ल्या सुनेच्या वा मुलाच्या हाती देताना कितीजणांच्या घरी हेच सूतक पाळले जाते, ते आठवून पाहावे.

मृत्यूविषयी लिहिताना तो नेहमी एखाद्या घरगुती प्रसंगापासून आरंभ करतो. एकदा तो शहराबाहेरील आपल्या मळ्यावर गेला. मोडकळीस आलेल्या घराच्या डागडुजीचा खर्च पाहून कारभाऱ्यावर रागावला. कारभारी म्हणाला, माझी हयगय नाही, घरच जुने झाले आहे. ते घर सेनेकानेच बांधविलेले. मग चिनार जातीची झाडे दिसली, वठलेली, गाठाळलेली. पाणी घालत नाहीस का, असे विचारताच तेच उत्तर: झाडे म्हातारी झाली आहेत. तीही सेनेकानेच लावलेली. दाराशी एक जख्ख म्हातारा बसला होता. हा कोण, असे विचारल्यावर म्हातारा उद्गारला, ओळखले नाही का धनी? मी फेलिसिओ, तुम्ही सणाला ज्याच्यासाठी खेळण्यातल्या मूर्ती आणीत होता तो! बालपणीचा लाडका सवंगडी समोर बोळक्या तोंडाने बसलेला पाहून, पाहू तिकडे आपले वार्धक्यच आपल्यापुढे उभे राहिले, असे सेनेका लिहितो. त्याच पत्रात तो सुचवितो की प्रत्येक रात्री, आपले जगून झाले आहे, असे मनाशी म्हणून निजावे; मग सकाळ उजाडली तर तो दिवस नफ्यातला.

त्याच्या दम्याविषयीचे पत्रही असेच साधे आहे. धाप लागली की तासाभरात ओसरते, पण त्या तासात माणूस अखेरचा श्वास घेत असतो. वैद्य या विकाराला मरणाची तालीम म्हणत. त्या गुदमरण्यातही, जन्मापूर्वी जी स्थिती होती तीच पुढे येणार, पेटण्यापूर्वीच्या दिव्याला दुःख नव्हते तसे विझलेल्या दिव्यालाही नाही, या विचाराने आपण मन स्थिर ठेवले, असे तो सांगतो. आत्म्याच्या नित्यत्वावर श्रद्धा असणाऱ्याला हा दाखला पटणार नाही. सेनेकाही आत्म्याविषयी सर्वत्र एकाच निश्चयाने बोलत नाही. त्यापेक्षा ऑफिडिअस बॅसस या वृद्ध इतिहासलेखकाविषयीचे पत्र मला मोलाचे वाटते. बॅससचा देह सर्व बाजूंनी पाणी शिरणाऱ्या जुन्या नावेसारखा झाला होता. सेनेका वारंवार त्याच्या भेटीला जाई, कारण देहाबरोबर मनाची शक्तीही कमी होते काय, हे त्याला पाहायचे होते. ती झाली नव्हती. आवेगाने मृत्यूवर धावून जाणे अनेकांना साधते. मंदपणे, दिसत दिसत येणाऱ्या मृत्यूची शांतपणे वाट पाहणे फार थोड्यांना जमते, असा निष्कर्ष त्याने काढला आहे. आपल्या घरातील वृद्धांच्या उशाशी बसताना हे पत्र आठवावे.

येथे एका नाजूक प्रश्नाला स्पर्श करणे भाग आहे. स्टोइकांनी स्वेच्छेने प्राण देण्यास मुभा ठेवली होती. घर असह्य झाले तर दार उघडे आहे, अशी त्यांची धारणा. तिची आणि सल्लेखनेची बरोबरी काही लेखक करतात, ती मला मान्य नाही. सल्लेखनेत शस्त्र नाही, विष नाही, घाईही नाही. कषाय कृश करीत क्रमाक्रमाने आहाराचा त्याग आहे, आणि मरणाची आकांक्षा धरणे हाही तिचा अतिचार मानला आहे. सेनेकाची शिरा कापण्याची वाट निराळी. तथापि मरणाच्या लालसेपासून दूर राहा, असा इशारा त्यानेही दिला आहे. तरुणपणी आजाराला कंटाळून जीव देण्याचा विचार त्याच्या मनात अनेकदा आला होता. वृद्ध पित्याला हे कसे सोसेल, या एका विचाराने त्याने स्वतःला जगण्याची आज्ञा केली. जगणे हेसुद्धा कधी कधी धैर्याचे कृत्य असते, असे तो नोंदवितो. म्हातारपणी पत्नी पॉलिना त्याच्या प्रकृतीची चिंता करी, तेव्हाही तिचा प्राण आपल्यात गुंतलेला असल्याने आपण स्वतःची काळजी घेऊ लागलो, असे त्याने लिहिले आहे.

इ. स. ६५ मध्ये नीरोविरुद्धचा कट उघडकीस आला. त्यात सेनेकाचा कितपत हात होता, हे अस्पष्टच राहिले. नीरोला निमित्त पुरेसे होते. विषप्रयोगाच्या भीतीने या काळात तो केवळ फळे आणि वाहते पाणी यांवर राहत होता, असे टॅसिटस सांगतो. वडिलांच्या शब्दाखातर सोडलेला आहार शिष्याच्या भयाने असा परत आला होता. रोमपासून चार मैलांवरील घरी तो पत्नी आणि दोन मित्रांसह जेवत असताना शिपायांनी घराला वेढा दिला. मृत्यूची आज्ञा ऐकून त्याने मृत्युपत्राचे कागद मागितले. ते मिळाले नाहीत. तेव्हा, आता आपल्या जीवनाचे चित्र एवढेच मागे ठेवता येते, असे तो मित्रांना म्हणाला. मित्र रडू लागले, त्यांना त्याने सावरले. पॉलिनाने जगावे म्हणून त्याने विनविले, पण तिनेही त्याच्याबरोबर हाताच्या शिरा कापून घेतल्या.

मृत्यू मात्र सहज आला नाही. मिताहाराने कृश झालेल्या वृद्ध देहातून रक्त वाहीना. पायांच्या शिरा कापल्या. आपल्या यातना पाहून पत्नीचा धीर खचू नये म्हणून त्याने तिला दुसऱ्या खोलीत जाण्यास सांगितले आणि लेखनिकांना बोलावून तो शेवटपर्यंत मजकूर सांगत राहिला. जवळ ठेवलेले विष घेतले, त्याचाही परिणाम झाला नाही. अखेर त्याला उष्ण पाण्यात बसविले आणि नंतर वाफेच्या न्हाणीघरात नेले. दम्याच्या धापेत ज्याने आयुष्यभर मरणाची तालीम केली, त्याचा श्वास तेथे कोंडला.

पॉलिना वाचली. नीरोच्या हुकमाने तिच्या जखमा बांधल्या गेल्या. ती पुढे काही वर्षे पतीच्या स्मृतीत जगली आणि तिच्या चेहऱ्यावरचा फिकेपणा कधीच गेला नाही. सेनेकाचे दहन कोणत्याही अंत्यविधीवाचून झाले. तशी सूचना त्याने आपल्या मृत्युपत्रात फार पूर्वी लिहून ठेवली होती, वैभवाच्या आणि सत्तेच्या शिखरावर असताना.